परीक्षा संपली. कॉलेजच्या जुन्या ग्रुपला निकालाआधी भेटायचं की नंतर?

निकाल_जुलैत

परवा सीए फायनलचा शेवटचा पेपर झाला. दोन्ही ग्रुप, म्हणजे सगळे सहा पेपर, एकत्र दिलेत. सहावा पेपर ओपन बुक असतो, त्यामुळे पाठीवर एवढी पुस्तकं होती की लोकलमध्ये एका काकूंनी विचारलं, "ट्रेकला चाललीस का गं?" घरी आले, जेवले, झोपले ते थेट दुसऱ्या दिवशी दुपारी उठले. उठल्यावर फोन हातात घेतला आणि कळेना की कुणाला करायचा.

कॉलेजात आमचा सात जणांचा कंपू होता. कॉलेज दादर-माटुंग्याकडचं, नाव सांगत नाही. बीकॉम झाल्यावर बाकीचे नोकरीला लागले, एकाने एमबीए केलं, मी आर्टिकलशिपमध्ये (सीएची सक्तीची उमेदवारी) अडकले. सुरुवातीला भेटायचो. मग मी "ऑडिट चालू आहे", "परीक्षा जवळ आलीय", "या वेळी नको" असं म्हणत गेले आणि हळूहळू त्यांनी विचारणंच सोडलं. व्हॉट्सअ‍ॅपवरचा ग्रुप अजून आहे, पण त्यात आता फक्त वाढदिवसाचे केक पडतात. आमच्यातल्या एकीचा साखरपुडा झालेला मला स्टेटसवरून कळला.

आता भेटावंसं फार वाटतंय. आई म्हणते, "जुलैत निकाल लागू दे, पेढे घेऊनच भेट." बाबा म्हणतात, "आजच फोन कर." माझं मन रोज पक्ष बदलतंय. आत्ता भेटले तर सगळे विचारणार, "कसे गेले पेपर?" आणि निकालानंतर भेटायचं म्हटलं, तर निकालच नीट लागला नाही तर?

दुसरा प्रश्न जागेचा. एक विरारला, दोघं डोंबिवलीला, एक पनवेलला, एक लालबागला, एक पुण्यात. मी मुलुंडला. सगळ्यांना जमेल असं ठिकाण सुचवा. फार महागडं नको.

कटिंग_खारी

आधी. आणि दादर. धागा संपला, दिवे मालवा.

ठाकुर्ली_स्लो

मे महिन्यात मुंबईत असतं कोण? तुमच्या सातपैकी चार गावी आंबे खात असतील. आधी हजेरी घ्या, मग ठिकाण ठरवा.

ताळेबंद

मी याच रस्त्याने गेलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या वेळी फायनलला आठ पेपर होते, एका ग्रुपमध्ये चार. परीक्षा संपली त्या संध्याकाळीच मी मित्रांना भेटलो. खूप मजा आली, कबूल. पण त्या दिवशी निकाल कधी हे दहा जणांना कळलं आणि त्यातल्या तिघांनी ती तारीख लक्षात ठेवली. निकालाच्या दिवशी मी स्वतः वेबसाइट उघडायच्या आधी त्यांचे फोन सुरू. प्रत्येक पेपरात चाळीसच्या वर होतो, पण ग्रुपच्या एकूण मार्कांचे पन्नास टक्के भरले नाहीत. अ‍ॅग्रिगेटने उडालो, चार मार्कांनी. आता हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगून बघा. "सगळ्या विषयांत पास आहेस ना, मग नापास कसा?" हा प्रश्न मी त्या आठवड्यात इतक्या वेळा ऐकला की शेवटी फोन बंद ठेवला.

त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण त्या दिवशी मला कुणीही नको होतं. म्हणून माझं मत: नंतर भेट. दोन महिन्यांनी काही बिघडत नाही.

पूर्व_मुख्य_मुलाखत

ताळेबंद दादा, तुमचं दुःख कळलं, पण सल्ला पटला नाही. तुम्हा सीएवाल्यांचा निकाल दोनेक महिन्यांत हाती येतो. आमच्या एमपीएससीत पूर्वचा निकाल, मग मुख्यचा निकाल, मग मुलाखत, मग अंतिम यादी. "निकाल लागला की भेटू" असं मी एकदा मित्रांना म्हटलं होतं. मधल्या काळात दोघांची लग्नं झाली आणि एक मुलगी चालायला लागली.

"निकालानंतर" अशी काही तारीख कॅलेंडरमध्ये नसते. पास झालं तर जॉइनिंग, ट्रेनिंग, घर बदलणं. नापास झालं तर पुढचा अटेम्प्ट. दोन्हीकडे भेट पुढेच जाते. मोकळा वेळ मिळतो तो पेपर आणि निकाल यांच्या मध्येच. आत्ता जा.

कटिंग_खारी

मी हेच दोन शब्दांत म्हटलं होतं.

ताळेबंद

@पूर्व_मुख्य_मुलाखत, मुद्दा मान्य. पण मग निकालाची तारीख कुणाला सांगायची नाही.

ठाकुर्ली_स्लो

सीएचा निकाल लपतो होय? त्या दिवशी संध्याकाळी प्रत्येक क्लासवाल्याचं होर्डिंग लागतं, त्यावर पासपोर्ट फोटोंचा नुसता पूर. तुमचा फोटो नसला की अख्ख्या डोंबिवलीला कळतं.

बकुळा

माझी मुलगी याच वयाची आहे, म्हणून आईच्या बाजूने दोन शब्द. पेढ्यांचा आग्रह हा लेकीवरच्या विश्वासातून येतो, तिला अडकवायला नाही. पण आईने एक समजून घ्यावं. पेढे नातेवाइकांना द्यायचे असतात. मित्रांना भेटायला हातात काही लागत नाही.

आणि बाळ, पेपर कसे गेले हे ते विचारणारच. "दिलेत. आता जुलैपर्यंत तो विषय बंद" एवढं एकदा हसून सांगायचं. पुढे कुणी विचारत नाही. विचारलंच तर तो मित्र नव्हे, शेजारी.

माटुंगेकर

ठिकाणाबद्दल. दादर दादर सगळे म्हणतात, पण रविवारी दादरला सात जणांना एकत्र टेबल मिळवून दाखवा. माझं मत माटुंगा. वेस्टर्नवाल्यांनी माटुंगा रोडला उतरायचं आणि झेड ब्रिजवरून चालत सेंट्रलच्या माटुंग्याला यायचं. स्टेशनाबाहेर रामाश्रय, पहाटेपासून उघडं असतं. उपमा, इडली, अननसाचा शिरा, फिल्टर कॉफी. माणशी खर्च म्हणाल तर एखाद्या मॉलमधल्या एका कॉफीत दोघांचं पोट भरेल. कॅफे मद्रासही आहे, १९४० पासूनचं, पण रविवारी तिथली रांग बघून भूक मरते.

सुरंगी

विरारकर बोलतेय. विरार फास्ट माटुंगा रोडला थांबत नाही हो. अंधेरीला किंवा बांद्र्याला उतरून स्लो पकडायची, नाहीतर दादरला उतरून सेंट्रलने एक स्टेशन मागे. तुम्हा माटुंगेकरांना सगळं जग झेड ब्रिजच्या दोन टोकांना राहतं असं वाटतं.

माटुंगेकर

नाही राहत का? 🙂

हार्बरची_लेक

पनवेलच्या मैत्रिणीतर्फे मी बोलते, कारण हार्बरवाल्यांचा विचार कुणी करत नाही. दादर म्हटलं की आम्हाला कुर्ल्याला उतरून तो पूल चढायचा, आणि रविवारी तिथे जत्रा असते. माटुंगा उलट बरं पडतं. पनवेलहून अंधेरी-गोरेगावकडे जाणारी थेट गाडी मिळाली तर ती किंग्ज सर्कलला थांबते. तशा गाड्या मोजक्याच, पण नाही मिळाली तर वडाळ्याला बदलायची. किंग्ज सर्कलहून पायी. कॅफे मद्रास तर तिथेच.

ठाकुर्ली_स्लो

आणि मेगाब्लॉक, रुळांच्या कामासाठी रविवारी गाड्या बंद ठेवतात तो? रविवारी "माटुंगा ते मुलुंड" ही घोषणा आमच्या घरात पोरांना पाठ आहे. धागाकर्ती मुलुंडची आणि भेट माटुंग्याला. रेल्वेने ब्लॉक हिच्यासाठीच आखलाय.

कटिंग_खारी

खिक्!

सुरंगी

म्हणूनच सांगते, संध्याकाळी किंवा रात्री भेटूच नका. सकाळी भेटा. ब्लॉक साधारण अकराच्या सुमारास सुरू होतो, तोवर सगळे पोचलेले असतात. रात्रीच्या जेवणाचं ठरवलं की जी विरारला राहते ती साडेनऊपासून घड्याळ बघते. मला अनुभव आहे. सगळे गप्पांत रंगलेले आणि मी मनात हिशोब करतेय, की आता निघाले तर लेडीज डब्यात बायका असतील, अजून एक तास थांबले तर डबा रिकामा. मग "थांब गं, काय घाई आहे" म्हणणाऱ्या दादरकर मैत्रिणीचा राग येतो. तिचा दोष नसतो, तिचं घर चालत दहा मिनिटांवर असतं.

सकाळच्या नाश्त्याला असलं काही होत नाही. आता मला लहान मूल आहे, तर सकाळ आणखीच सोयीची. नवऱ्याकडे देऊन सटकता येतं.

खडूस_कासव

सगळे ठिकाण आणि वेळ ठरवताय, मूळ प्रश्न कुणी विचारत नाही. भेटायचंच कशाला?

कॉलेजची मैत्री बहुतेक वेळा टाइमटेबलची मैत्री असते. एकच वर्ग, एकच कट्टा, एकाच वेळची लोकल. ते संपलं की मैत्रीही संपते, यात वाईट काही नाही. तीन वर्षांत त्यांना तुमची आठवण झाली नाही, तुम्हालाही परीक्षा संपल्यावरच त्यांची झाली. भेटलात की पहिला अर्धा तास सर आणि कँटीनच्या आठवणी, मग पगार, मग फ्लॅटचे भाव, मग फोटो, मग "परत भेटूया हं". मी अशा भेटींना जाणं बंद केलंय. त्या वेळात मस्त झोप काढतो.

बकुळा

नाव सार्थ केलंत.

पूर्व_मुख्य_मुलाखत

@खडूस_कासव, टाइमटेबलची मैत्री हे पटलं. पण मग उत्तर "नवं टाइमटेबल करा" हे असायला हवं, "झोपा" हे कसं? आम्ही अभ्यासिकेतले चौघं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भेटतो. विषय काहीही. दोघं पोस्टिंगवर गेले तरी जमेल तेव्हा येतात.

खडूस_कासव

चौघं अभ्यासिकेतले म्हणजे एकाच नावेतले. तिच्या केसमध्ये बाकीचे सहा कमावतायत, ही एकटी नाही. सीए झाली तर चित्र उलटं होईल, तोवर नाही. बिल आलं की काय होतं ते बघा.

जुना_दादरकर

कासवराव, तुम्ही बोललात ते कडू आहे, पण बिलाचा मुद्दा खरा आहे. त्यावर आमच्या काळचं सांगतो. लांबेल, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढे जावं.

आम्ही १९८२ साली टी.वाय. बीकॉमची परीक्षा दिली. आमचा अड्डा एका इराण्याकडे. ब्रून मस्का, पानी कम चाय, आणि एका चहावर दोन तास. परीक्षा संपली, दर रविवारी पाच वाजता तिथेच भेटायचं ठरलं. फोन फारसे कुणाकडे नव्हते, त्यामुळे ठरलं म्हणजे ठरलं, बदलायची सोयच नव्हती.

आमच्यातला एक लालबागचा. वडील गिरणीत. त्याच वर्षी १८ जानेवारीला संप सुरू झालेला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले होते आणि पगार बंद. आम्हाला हे पेपरात रोज दिसत होतं, पण तो संप आपल्या टेबलावर येऊन बसलाय हे डोक्यात आलं नाही. पहिल्या रविवारी तो आला, चहा घेतला नाही, पोट बिघडलंय म्हणाला. दुसऱ्या रविवारी आलाच नाही. आम्ही म्हटलं, निकालाचं टेन्शन असेल.

आमच्यातल्या एकाची आई शाळेत शिक्षिका होती. तिने मुलाला विचारलं, "तुम्ही भेटता तिथे पैसे लागतात ना?" बस्स, एवढंच. पुढच्या रविवारपासून आम्ही अड्डा हलवला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर. कट्ट्याला बिल नाही. त्याला निरोप पाठवला की इराण्याकडे उकडतं, पार्कात वारा असतो. तो आला. त्या उन्हाळ्यात एकही रविवार चुकवला नाही त्याने. कट्टा का बदलला हे त्याला कळलं होतं, आम्हालाही माहीत होतं की त्याला कळलंय. बोललं कुणी नाही.

त्याला पुढे बँकेत नोकरी लागली. आता आम्ही सगळे निवृत्त. तो संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही, असं तो अजून म्हणतो आणि मग बिल तोच भरतो.

तर मुली, तुझ्या सहांपैकी कुणाचं काय चाललंय हे तुला माहीत नाही. स्टेटसवर साखरपुडा दिसतो, गेलेली नोकरी दिसत नाही. जागा अशी निवड की कुणाला मनात बेरीज करावी लागू नये.

सुरंगी

काका, 🙏

ठाकुर्ली_स्लो

काका, इराणी कुठला ते सांगा की. अवांतर आहे, पण राहवत नाही.

जुना_दादरकर

तो आता नाही. तिथे मोबाइलचं दुकान आहे. धोबी तलावचं कयानी अजून उभं आहे, १९०४ पासून. ग्रँट रोड स्टेशनाबाहेरचं मेरवान १९१४ चं.

कटिंग_खारी

मेरवानचा मावा केक! सकाळी उशिरा गेलं की रिकामा ट्रे बघून परत यायचो. निकाल_जुलैत, कयानीत भेटा. मी पण येतो, आठवा भिडू.

माटुंगेकर

काकांच्या मुद्द्यावर भर घालतो, कारण माझ्याच सूचनेत एक खोट आहे. उडप्याकडे बसून गप्पा होत नाहीत. खाणं संपलं की पुढचा ग्राहक डोक्याशी येऊन उभा राहतो आणि वेटर न मागता बिल ठेवतो. तेव्हा अर्ध्या तासात नाश्ता उरकायचा आणि चालत फाइव्ह गार्डनला जायचं, पारशी कॉलनीकडे. मोठाली झाडं, बाकं, सावली. मे महिन्यात सकाळीसुद्धा मुंबईत उभं राहवत नाही, तिथे बरं असतं. तिकीट नाही, बिल नाही, कुणी उठवत नाही.

हार्बरची_लेक

हे झकास. मरीन ड्राइव्ह मरीन ड्राइव्ह करणाऱ्यांनी मेमध्ये सकाळी दहाला त्या कठड्यावर बसून दाखवावं.

मागचा_बाक

आतापर्यंत सगळे गायब झालेल्या माणसाच्या बाजूने बोलले. मी दुसऱ्या बाजूचा. आमच्या ग्रुपमधला एक मेडिकलच्या पीजीच्या तयारीत असाच नाहीसा झाला होता.

पहिली गोष्ट. आम्ही विचारणं सोडलं ते राग आला म्हणून नव्हे. प्रत्येक वेळी त्याला नाही म्हणावं लागतं आणि नाही म्हणताना त्याला त्रास होतो हे दिसत होतं. त्याच्या गैरहजेरीत त्याच्याबद्दल बोलणं व्हायचंच. कासव म्हणतात तसं विसरलो वगैरे नव्हतो.

दुसरी गोष्ट, आणि ही जरा टोचेल. त्याच्या परीक्षेचं आम्हाला काही वाटलं नाही. पण माझे वडील आयसीयूत होते तेव्हा त्याने ग्रुपवर हात जोडलेला इमोजी टाकला. फक्त इमोजी. बाकी कुणाचा असता तर लक्षातही राहिला नसता. त्याचा राहिला. वर्षभराने तो भेटायला आला तेव्हा आपल्या पेपरांबद्दल, नाइट ड्युटीबद्दल खूप बोलला. मी वाट बघत होतो की हा बाबांचं कधी विचारतो. निघताना विचारलं, तेही दुसऱ्या कुणी विषय काढल्यावर.

म्हणून धागाकर्ती, निकालाआधी की नंतर हा प्रश्न फक्त तुमचा आहे. तुमच्या मित्रांच्या डोक्यात तो नसणार. जिचा साखरपुडा झाला तिच्या डोक्यात वेगळाच प्रश्न असेल. तिला ग्रुपवर नाही, वेगळा फोन करा. आणि त्या फोनवर सीए हा शब्द उच्चारू नका.

बकुळा

या प्रतिसादावर शिक्का मारा कुणीतरी.

पूर्व_मुख्य_मुलाखत

+१. मी आत्ताच एका मित्राला फोन लावला. धाग्याचा परिणाम.

ताळेबंद

मागचा_बाक यांचं वाचून दोनदा थांबलो. माझ्या गोष्टीतले ते तिघं आठवले, निकालाच्या दिवशी फोन करणारे. पैकी एकाच्याही आयुष्यात तेव्हा काय चाललं होतं हे मला आजही सांगता येणार नाही. "नंतर भेट" हे मत मागे घेत नाही, पण तो फोन मात्र आत्ताच कर. भेट आणि फोन या वेगळ्या गोष्टी आहेत.

खडूस_कासव

फोन कराल. ती म्हणेल "अरे वा, कशी आहेस". दोन मिनिटांत विषय संपेल. मग?

मागचा_बाक

मग दोन मिनिटं झाली. तीन वर्षांत शून्य होती.

ठाकुर्ली_स्लो

कासवभाऊ, रविवारी सकाळी झोपमोड करायला येतोच तुमच्याकडे. पत्ता टाका.

निकाल_जुलैत

सगळ्यांचे आभार. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. कालपासून वाचतेय, आई पण वाचतेय. बकुळाताईंचं "पेढे नातेवाइकांना" वाचून हसली आणि म्हणाली, "बरं, जा."

काल रात्री साखरपुडावालीला फोन केला. तिने पहिल्या रिंगला कट केला. मी मनात म्हटलं, झालं. दहा मिनिटांनी तिचा उलटा फोन. ट्रेनमध्ये होती, आवाज येत नव्हता. मी अभिनंदन केलं, ती "हं" म्हणाली. मग मी विचारलं, मुलगा कोण, कसं ठरलं, साडी कुठून घेतली. साडीवर गाडी सुरू झाली ती विरार येईपर्यंत थांबली नाही. (हो, तीच विरारची. सुरंगीताई, तुमचं घड्याळाचं तिला सांगितलं, म्हणाली अगदी अगदी.) शेवटी तिने सरळ विचारलं, "इतके दिवस तुला भेटायला यायचंच नव्हतं की सुट्टी नव्हती?" मी म्हटलं, साखरपुड्याला बोलावलं असतं तर आले असते. ती म्हणाली, तू नाही म्हणालीस तर वाईट वाटलं असतं म्हणून बोलावलंच नाही. यावर दोघीही जरा वेळ काही बोललो नाही. मग ती म्हणाली लग्नाला तरी ये, डिसेंबरात आहे, आणि हॉलची बुकिंग रक्कम तिच्या हिशोबात कुठे धरायची ते विचारत बसली. सीए हा शब्द मी नाही, तिने काढला, हे नोंदवून ठेवा.

आणि जुना_दादरकर काका, तुमच्या गोष्टीमुळे एक कळलं. लालबागवाल्याची कंपनी मार्चपासून पगार थकवतेय. ग्रुपमध्ये कुणाला माहीत नव्हतं, तिला माहीत होतं. नाश्ता आणि फाइव्ह गार्डन नक्की. रेस्टॉरंटची लिंक कुणीतरी ग्रुपवर टाकलीच होती, मी म्हटलं मला गर्दी नको, परीक्षेनंतर डोकं दुखतंय. परीक्षेचा एवढा तरी उपयोग.

जुना_दादरकर

शाबास.

मागचा_बाक

मस्त. आता बाकीच्या पाच जणांनाही एकेक फोन करणार की ग्रुपवर पोल टाकणार?

ठाकुर्ली_स्लो

पोल नको! पोलमध्ये सगळे "येतो" वर बोट ठेवतात आणि शनिवारी रात्री एकेकाला ताप यायला लागतो.

निकाल_जुलैत

फोनच. डोंबिवलीच्या दोघांना झाला. त्यातला एक खरंच देवगडला आहे, आंबे खातोय, पुढच्या शुक्रवारी येतो म्हणाला. पेटी आणायला सांगितलीय. पुण्याचा म्हणाला, सकाळी आठला माटुंग्यात म्हणजे आदल्या रात्री कुणाकडे तरी मुक्काम हवा. तो मुलुंडला आमच्याकडे राहणार, बाबा खूश, त्यांना कॅरमला भिडू हवा होता.

कटिंग_खारी

पेपर कसे गेले ते विचारलं का कुणी?

निकाल_जुलैत

दोघांनी. "दिलेत, जुलैपर्यंत विषय बंद." बकुळाताईंचं वाक्य तसंच्या तसं वापरलं. एकाने लगेच आयपीएल काढली.

ताळेबंद

निकालाच्या दिवशीचं काय ठरवलंस? त्या दिवशी फोन येणारच.

निकाल_जुलैत

ते विरारवालीवर सोपवलंय. मी फक्त तिला मेसेज करणार, बाकीच्यांना काय सांगायचं आणि कधी ते ती बघेल.

ताळेबंद

हे मला सुचलं नव्हतं. माझ्याकडच्या आर्टिकल्सना, म्हणजे शिकाऊ मुलांना, सांगेन.

लॉ_सेम_सहा

वाचनमात्र होतो, राहवलं नाही. माझी परीक्षा पुढच्या आठवड्यात संपतेय आणि माझा ग्रुप तर शेवटच्या भेटीत भांडून वेगळा झालाय. दोन तट आहेत. मी कुणाला आधी फोन करू? नवीन धागा काढू का?

बकुळा

इथेच लिही रे. भांडण कशावरून झालं ते आधी सांग.

लॉ_सेम_सहा

गोव्याच्या ट्रिपच्या हिशोबावरून.

खडूस_कासव

मी आलोच, जरा चहा टाकतो.

ठाकुर्ली_स्लो

थांबा, त्याआधी. रविवारचा ब्लॉक जाहीर झाला. माटुंगा ते मुलुंड, धीमा मार्ग. स्लो गाड्या फास्टवर वळवणार.

माटुंगेकर

सकाळी आठला भेटताय ना, जाताना काही अडचण नाही. परतीला माटुंग्यात गाडीची वाट बघू नका. फाइव्ह गार्डनहून दादर चालत जवळ आहे, तिथून फास्ट पकडा. पनवेलवालीने मात्र आधी हार्बरचा ब्लॉक बघून घ्यावा.

हार्बरची_लेक

हार्बरचा पण आहे. मी तिला ओळखतही नाही, तरी वाईट वाटलं.